लेन्सच्या ड्रॉइंगवर टॉलरन्स कसे ठरवावेत : एका साध्या भिंगाचा पूर्ण हिशेब

लेन्स बनवून घ्यायची तर कारखान्याला ड्रॉइंग द्यावं लागतं, आणि त्यावर दोन जातींचे आकडे असतात. व्यास, मध्यजाडी, वक्रतात्रिज्या ही झाली मापं. त्या मापांत किती फरक चालेल, हे सांगणारे आकडे म्हणजे टॉलरन्स. मापं डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून मिळतात. टॉलरन्स मात्र पुष्कळदा जुन्या ड्रॉइंगवरून जसेच्या तसे उतरवले जातात, किंवा 'असू दे जरा कडक' म्हणून लिहिले जातात. दोन्हींत पैसा जातो. ढिले राहिले तर उपकरण चालत नाही. उगाच कडक केले तर कारखाना एकतर दुप्पट-तिप्पट दर लावतो किंवा काम घेतच नाही, आणि जास्तीच्या पैशांतून उपकरणाला काहीही मिळत नाही.

ड्रॉइंगवरच्या प्रत्येक टॉलरन्सबद्दल दोन प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे हवीत, असं माझं ठाम मत आहे. ही मर्यादा ओलांडली तर माझ्या उपकरणाचं नेमकं काय बिघडतं? आणि ती कोण, कशाने मोजणार? उत्तर नसेल तर तो आकडा अजून ठरलेलाच नाही. पुढे एकच भिंग घेऊन हा सगळा रस्ता चालून दाखवतो.

भिंग मुद्दाम साधं निवडलं आहे : एक बाजू बहिर्वक्र, एक सपाट. काच एन-बीके७ (ऑप्टिकल काचेचा एक प्रकार), व्यास २५ मिमी, फोकल लेंथ १०० मिमी, मध्यजाडी ४ मिमी. पिवळ्या रंगाचा समांतर प्रकाश बहिर्वक्र बाजूने आत येतो आणि एका नळीच्या टोकाला बसवलेल्या १ मिमी बाय १ मिमी फोटोडायोडवर (प्रकाश टिपणाऱ्या डिटेक्टरवर) गोळा होतो. फोटोडायोडची जागा पक्की आहे, मागे-पुढे सरकवायची सोय नाही.

## पायरी १ : उपकरणाची गरज आकड्यांत लिहा

काचेकडे जाण्याआधी उपकरणाकडे पाहा. 'प्रतिमा चांगली हवी' या वाक्यातून टॉलरन्स निघत नाही. आमच्या उपकरणात प्रकाशाचा ठिपका ०.२ मिमीपेक्षा मोठा होऊ नये आणि त्याचं केंद्र नळीच्या अक्षापासून ०.१ मिमीपेक्षा जास्त सरकू नये, अशी गरज धरू.

आता हे भिंग निर्दोष बनलं तरी ठिपका किती मोठा पडेल ते बघा. वापरातला व्यास २२.५ मिमी धरला तर हे भिंग एफ/४.४ चं आहे, म्हणजे फोकल लेंथ त्या व्यासाच्या ४.४ पट. सपाट-बहिर्वक्र भिंगाचं गोलीय विपथन (कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूवर न मिळण्याचा दोष) या एफ-आकड्याला सुमारे ०.०८ मिमीचा ठिपका देतं. विवर्तनामुळे, म्हणजे प्रकाशाच्या तरंगरूपामुळे, पडणारी सर्वांत लहान चकती मात्र ६ मायक्रॉनच्या आसपास असते. म्हणजे भिंगाच्या आकारातच विवर्तनाच्या दहापट धूसरपणा आहे. अशा भिंगावर 'पृष्ठभाग लॅम्डा दशांश' (तरंगलांबीच्या दहाव्या भागाइतका अचूक) लिहिणं म्हणजे न दिसणाऱ्या गुणवत्तेचे पैसे मोजणं. हा आकडा अनेक ड्रॉइंगांवर सवयीने लिहिलेला सापडतो, म्हणून तो सुरुवातीलाच बाजूला काढला.

०.२ मिमीतून ०.०८ वजा गेले. उरलेल्यातला काही भाग फोकसच्या चुकीला देऊ. डिटेक्टर फोकसपासून ०.३ मिमी सरकला तर एफ/४.४ ला ठिपका ०.०७ मिमीने फुगतो. तेव्हा पहिली अट मिळाली : भिंगाच्या मागच्या पृष्ठापासून फोकसपर्यंतचं अंतर, म्हणजे बॅक फोकस, ±०.३ मिमीच्या आत. दुसरी अट आधीच आहे : अक्षापासूनचं सरकणं ०.१ मिमीच्या आत. बाकी सगळे टॉलरन्स या दोन अटींतून काढायचे.

## पायरी २ : एकेक चूक वेगळी करून तिचा परिणाम मोजा

या भिंगाची फोकल लेंथ म्हणजे त्रिज्या भागिले (अपवर्तनांक वजा १). अपवर्तनांक १.५१६८, त्यामुळे १०० मिमीसाठी त्रिज्या ५१.६८ मिमी येते.

त्रिज्येत ०.१ टक्का, म्हणजे सुमारे ०.०५ मिमी चूक झाली, तर फोकल लेंथही ०.१ टक्का, म्हणजे ०.१ मिमी बदलते. हे सरळ आहे.

काचेकडे मात्र बहुतेकांचं लक्ष जात नाही. नेहमीच्या दर्जाच्या ऑप्टिकल काचेच्या अपवर्तनांकाचा टॉलरन्स ±०.०००५ असतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण त्याला १.५१६८ ने नव्हे, ०.५१६८ ने भागायचं असतं. उत्तर येतं ०.०९७ टक्के. म्हणजे काचेच्या एका साध्या वितळीतली (एका वेळी वितळवलेल्या काचेतली) चूक त्रिज्येतल्या ०.१ टक्क्याएवढीच भारी पडते. काच नेहमीच्या दर्जाची ठेवून त्रिज्या ०.०२ टक्क्यांपर्यंत आवळली तर फायदा जवळपास शून्य. आवळायचंच असेल तर दोन्ही आवळा, नाहीतर त्या वितळीचा मोजलेला अपवर्तनांक मागवून घ्या आणि त्रिज्या त्यानुसार थोडी बदला. दुसरा रस्ता बहुधा स्वस्त पडतो, कारण मोठे काच-उत्पादक वितळीची मोजमापं देतात.

सपाट बाजूही पूर्ण सपाट नसते. ५४६ नॅनोमीटर प्रकाशात तीन फ्रिंजांची (एक फ्रिंज म्हणजे अर्धी तरंगलांबी; खुलासा पायरी ४ मध्ये) वक्रता राहिली तर मध्य आणि कडा यांत ०.८२ मायक्रॉनचा फरक असतो. २५ मिमी व्यासावर त्याची त्रिज्या सुमारे ९५ मीटर होते आणि तिच्यामुळे फोकल लेंथ ०.०५ मिमीने हलते.

जाडीचा परिणाम या आकारात गमतीचा आहे. एक बाजू सपाट असल्याने फोकल लेंथ जाडीवर अवलंबूनच नाही. बॅक फोकस मात्र आहे : तो फोकल लेंथमधून जाडी भागिले अपवर्तनांक वजा करून मिळतो. जाडी ±०.१ मिमी सोडली तर बॅक फोकस ±०.०७ मिमी हलतो. आणि भिंग नळीत ज्या खांद्यावर टेकतं, त्या खांद्याच्या मशीनिंगचे ±०.०५ मिमी धरा.

इथे एक सूचना, कारण ही चूक टॉलरन्सपेक्षा मोठी निघू शकते. फोकल लेंथ कोणत्या तरंगलांबीला, हे ड्रॉइंगवर लिहाच. १.५१६८ हा आकडा ५८७.६ नॅनोमीटरच्या पिवळ्या प्रकाशाचा आहे. ५४६ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला याच काचेचा अपवर्तनांक १.५१८७ होतो आणि तेच निर्दोष भिंग ९९.६ मिमीचं ठरतं. आपला सगळा ±०.३ मिमीचा हिशेब यात बुडाला. कारखान्याने हिरव्या दिव्याखाली मोजून भिंग नाकारलं, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्या मोजमापावरून 'सुधारलं', तर दोष ड्रॉइंगचा.

## पायरी ३ : बेरीज करा, पण डोळसपणे

बॅक फोकसवरचे पाच परिणाम मिळाले : ०.१०, ०.१०, ०.०५, ०.०७ आणि ०.०५ मिमी. सगळ्या चुका एकाच दिशेने, एकाच वेळी पूर्ण मर्यादेवर आल्या तर बेरीज ०.३७ मिमी, म्हणजे अटीबाहेर. पण स्वतंत्र चुका अशा एकजुटीने क्वचितच येतात. प्रत्येकीचा वर्ग करून, बेरीज करून वर्गमूळ काढलं तर ०.१७ मिमी येतं. मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास. हे टॉलरन्स चालतील.

वर्गमुळाची पद्धत कधी वापरू नये, हेही सांगितलं पाहिजे. एकच भिंग बनवायचं आहे आणि ते चुकलं तर दुसरं बनवायला वेळ नाही, अशा वेळी सरळ बेरीजच धरा. आणि या पद्धतीत एक गृहीतक दडलेलं आहे : चुका मधल्या आकड्याभोवती दोन्ही बाजूंना सारख्या पसरतात. कारखान्यात तसं होत नाही. पॉलिश करणारा कारागीर जाडी वरच्या मर्यादेजवळ ठेवतो, कारण ओरखडा राहिला तर पुन्हा घासायला काच शिल्लक हवी. ४.० ±०.१ लिहिलंत तर बरीच भिंगं ४.०५ च्या वर येतील असं धरून चाला. तो माणूस बरोबरच वागतो. तुमच्या हिशेबात मधला आकडा तेवढा सरकवून ठेवा.

उपकरणात फोकस जुळवायची सोय करता येत असेल, तर यातले बहुतेक टॉलरन्स एकदम सैल होतात. आटे असलेली एक रिंग आणि जुळवणीचा थोडा वेळ विरुद्ध शंभर भिंगांवर आवळलेले पाच टॉलरन्स, हा हिशेब करूनच पुढे जा. मोठ्या, अनेक भिंगांच्या रचनेत हेच काम सॉफ्टवेअरमधल्या मॉन्टे कार्लो पद्धतीने करतात : हजारो काल्पनिक नमुने यदृच्छेने चुकवून, प्रत्येकाचं फोकस जुळवून, किती टक्के पास होतात ते पाहायचं. पण आधी हाताने केलेला असा हिशेब असेल तरच त्या निकालावर विश्वास ठेवायचा की नाही, हे कळतं.

## पायरी ४ : पृष्ठभागाचा आकार

सर्वाधिक गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं थांबू.

पॉलिश केलेला पृष्ठभाग तपासायची जुनी आणि अजूनही उत्तम रीत म्हणजे टेस्ट प्लेट. अचूक ज्ञात त्रिज्येची, उलट वक्रतेची काच भिंगावर ठेवली की मधल्या हवेच्या पातळ थरात न्यूटनची वलयं दिसतात. एक वलय (फ्रिंज) म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचा फरक, ५४६ नॅनोमीटरला २७३ नॅनोमीटर. वलयं गोल आणि बरीच असतील तर त्रिज्या वेगळी आहे. याला पॉवर म्हणतात. वलयं वाकडी, लंबगोल किंवा मध्येच मोडलेली असतील तर पृष्ठ गोलाकारापासूनच ढळलं आहे. याला इरेग्युलॅरिटी म्हणतात. दोन्ही आकडे वेगळे, दोन्हींचे परिणाम वेगळे. पॉवर फोकस हलवते आणि ती जुळवून घेता येते. इरेग्युलॅरिटी प्रतिमा बिघडवते आणि ती कशानेही जुळवता येत नाही.

त्रिज्येतला फरक आणि फ्रिंजांची संख्या यांचं नातं असं : व्यासाचा वर्ग गुणिले त्रिज्येतला फरक, भागिले चार गुणिले तरंगलांबी गुणिले त्रिज्येचा वर्ग. आमच्या वक्र बाजूला ०.१ टक्का चूक म्हणजे सुमारे साडेपाच फ्रिंज. तीच ०.१ टक्का चूक १०० मिमी त्रिज्येच्या, त्याच व्यासाच्या पृष्ठावर तीन फ्रिंजही होत नाही. म्हणून 'पॉवर ३ फ्रिंज' हा आकडा उथळ पृष्ठावर ढिला असतो आणि खोल पृष्ठावर कडक. एका ड्रॉइंगवरचा आकडा दुसऱ्यावर नेता येत नाही, तो यामुळेच.

यातून निघणारा नियम : एकाच पृष्ठावर त्रिज्येचा टॉलरन्स आणि पॉवरच्या फ्रिंज असे दोन्ही आकडे लिहून कारखान्याला कोड्यात टाकू नका. दोन्ही एकाच गोष्टीला बांधतात आणि बहुधा एकमेकांशी जुळत नाहीत. आयएसओ १०११० या ड्रॉइंग-मानकात पृष्ठाच्या आकारासाठी ३ हा सांकेतिक क्रमांक आहे. ३/३(१) याचा अर्थ पॉवर तीन, इरेग्युलॅरिटी एक. त्रिज्येचा टॉलरन्स वेगळा दिला असेल तर पॉवरच्या जागी आडवी रेघ येते : ३/—(१). वक्र बाजूला मी दुसरी रीत वापरतो, सपाट बाजूला पहिली, कारण सपाटीला त्रिज्येचा टॉलरन्स लिहिता येत नाही. एकक फ्रिंज आहे की नॅनोमीटर, आणि फ्रिंज कोणत्या तरंगलांबीच्या, हेही लिहा. पृष्ठाचा आकार मोजणारा इंटरफेरोमीटर बहुतेकदा हीलियम-निऑन लेसरवर, ६३२.८ नॅनोमीटरला चालतो. तिथली एक फ्रिंज ३१६ नॅनोमीटरची असते, २७३ ची नाही.

इरेग्युलॅरिटी किती सोडायची? भिंगातून जाणाऱ्या तरंगाग्रावर (प्रकाशलहरीच्या पुढच्या पृष्ठावर) पृष्ठाच्या चुकीचा (अपवर्तनांक वजा १) पट परिणाम होतो. एक फ्रिंज चूक म्हणजे पृष्ठावर अर्धी तरंगलांबी, तरंगाग्रावर सुमारे पाव. आमच्या भिंगाला एक फ्रिंज पुरून उरते. आरशाचं गणित वेगळं आहे : प्रकाश जाताना आणि येताना दोनदा ती चूक भोगतो, म्हणून एक फ्रिंज चूक तरंगाग्रावर पूर्ण तरंगलांबी होते. जवळपास चौपट. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेमध्ये दुर्बिणीचे आरसे स्वतः घासण्याच्या कार्यशाळा झालेल्या आहेत. त्यात ज्यांनी हात काळे केले, त्यांना आरशाचा शेवटचा पाव फ्रिंज किती घाम काढतो ते ठाऊक असेल. भिंगाच्या सवयीने आरशाचं ड्रॉइंग काढू नका.

मोजणार कसं, हा प्रश्न किती जीवघेणा असतो याचा सर्वांत मोठा दाखला हबल दुर्बिणीचा आहे. एप्रिल १९९० मध्ये ती अवकाशात गेली आणि प्रतिमा धूसर आल्या. २.४ मीटरचा मुख्य आरसा विलक्षण गुळगुळीत होता, पण कडेला सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासला गेला होता. शंकूस्थिरांक (आरशाच्या वक्राचा आकार सांगणारा आकडा) −१.००२३ हवा होता, तो −१.०१३९ निघाला. कारण आरसा तपासणाऱ्या नल करेक्टर या उपकरणातच एका भिंगाचं अंतर १.३ मिमीने चुकलं होतं. कारागिरांनी आरसा त्या चुकलेल्या मापाला तंतोतंत जुळवला. विशेष म्हणजे दुसऱ्या, साध्या चाचण्यांत ही चूक दिसली होती, पण त्या कमी अचूक मानून त्यांचं म्हणणं बाजूला ठेवलं गेलं. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्तीची प्रकाशिकी बसवली तेव्हा प्रतिमा सुधारल्या.

म्हणून महत्त्वाच्या मापाला दुसरी, स्वतंत्र तपासणी ड्रॉइंगवर लिहा, भले ती ओबडधोबड असो. आमच्या भिंगात त्रिज्या टेस्ट प्लेटने तपासली तरी पाच नग घेऊन बॅक फोकस थेट मोजायला सांगायचा. टेस्ट प्लेटवर चुकीचा आकडा कोरलेला असेल तर फक्त हीच तपासणी ते पकडेल.

## पायरी ५ : केंद्रीकरण

भिंगाच्या दोन पृष्ठांचा प्रकाशीय अक्ष आणि कडेच्या दंडगोलाचा अक्ष एक नसेल तर भिंग किंचित प्रिझमसारखं वागतं. सगळ्यात सोपं माप म्हणजे कडेच्या जाडीतला फरक : भिंग गोल फिरवत डायल गेजने कडेची जाडी पाहायची, सर्वांत जास्त वजा सर्वांत कमी.

०.०२ मिमी फरक २५ मिमी व्यासावर म्हणजे पावणेतीन मिनिटांचा कोन. किरण त्याच्या ०.५१७ पट, म्हणजे साधारण दीड मिनिट वळतो, आणि १०० मिमी अंतरावर ठिपका ४१ मायक्रॉन सरकतो. इथे नळीचाही वाटा घ्या. भिंगाचा व्यास २५ अधिक शून्य, वजा ०.०५, नळीचं भोक २५.०२ अधिक ०.०२, वजा शून्य. सर्वांत वाईट जोडीत ०.०९ मिमी मोकळीक राहते, म्हणजे भिंग अक्षापासून ४५ मायक्रॉन सरकू शकतं. फोटोडायोड बसवण्यातले ५० मायक्रॉन धरले तर सरळ बेरीज १३६, वर्गमुळाने ७९ मायक्रॉन. अट १०० ची होती.

नीट पाहिलं तर काचेचा वाटा यात सर्वांत लहान आहे. कडेचा फरक ०.००५ पर्यंत आवळला तरी वर्गमुळाची बेरीज ६८ वर येते, आणि त्यासाठी भिंग बरंच महाग होतं. त्यापेक्षा फोटोडायोड बसवायचं जिग (जागा पक्की धरणारा साचा) सुधारा. प्रकाशीय टॉलरन्स आणि यांत्रिक टॉलरन्स दोन वेगळ्या टेबलांवर ठरले की पैसा नको त्या बाजूला जातो.

दोन्ही त्रिज्या जवळजवळ समकेंद्री असलेलं मेनिस्कस (एक बाजू फुगीर, एक खोलगट) भिंग असेल तर कारखान्याशी आधी बोला. असं भिंग घंटेच्या आकाराच्या दोन चकांमध्ये दाबून आपोआप मध्यावर येत नाही, त्याला ऑप्टिकल केंद्रीकरण करावं लागतं. दोन बाजूंच्या त्रिज्या अगदी थोड्या वेगळ्या असलेली द्विबहिर्वक्र भिंगंही टाळा. जुळवणीत ती हमखास उलटी बसतात. डिझाइन परवानगी देत असेल तर दोन्ही त्रिज्या सारख्याच करून टाका.

## पायरी ६ : ओरखडे आणि खड्डे

अमेरिकी लष्करी मानक एमआयएल-पीआरएफ-१३८३०बी मधली ६०-४० सारखी जोडी सर्वत्र वापरतात. दुसरा आकडा खड्ड्याचा : ४० म्हणजे ०.४० मिमी व्यास. पहिला आकडा ओरखड्याचा, पण तो रुंदीचं माप नाही. ठरलेल्या प्रकाशात नमुना-ओरखड्यांशी डोळ्याने तुलना करून दिलेला तो क्रमांक आहे. म्हणून दोन तपासनीसांचं मत वेगळं पडू शकतं, आणि वाद टाळायचा तर नमुना-पट्टी कोणाची हे आधीच ठरवावं. आयएसओ १०११० मध्ये ५ या क्रमांकाखाली संख्या गुणिले आकार लिहितात, उदाहरणार्थ ५/३×०.२५; इथे आकार म्हणजे दोषाच्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ मिमीमध्ये. हे मोजता येतं, हा त्याचा मोठा गुण.

कडकपणा ठरतो तो भिंग प्रतिमेपासून किती लांब आहे यावर. आमच्या भिंगावर ०.४ मिमीचा खड्डा २२.५ मिमीच्या क्षेत्रातला ०.०३ टक्के प्रकाश अडवतो. कोणाला कळणारही नाही. तोच खड्डा कॅमेरा सेन्सरला चिकटून असलेल्या काचेवर असेल तर हजारो पिक्सेल झाकेल. म्हणून आमच्यासाठी ६०-४० पुरे, अगदी ८०-५० सुद्धा चालेल. फोकसजवळची खिडकी, रेटिकल (खुणा कोरलेली काच), फील्ड लेन्स (प्रतिमेजवळचं भिंग) यांना २०-१० किंवा त्याहून कडक. उच्चशक्तीच्या लेसरमध्येही कडकच, पण वेगळ्या कारणाने : ओरखड्यापाशी ऊर्जा एकवटून पृष्ठभाग जळू शकतो.

## पायरी ७ : उरलेल्या ओळी

व्यासाचा टॉलरन्स नेहमी वजा बाजूला द्या, म्हणजे भिंग नळीत अडकणार नाही. साध्या कामाला वजा ०.१, नेहमीच्या अचूक कामाला वजा ०.०५ ते ०.०२५. क्लिअर अपर्चर (प्रकाशासाठी वापरायचा मधला भाग) व्यासाच्या ९० टक्के धरा आणि आकार, ओरखडे, कोटिंग यांच्या अटी त्यातच लागू असल्याचं लिहा. अगदी कडेपर्यंत चांगला आकार मागितला तर पॉलिशिंगमध्ये कड गळते म्हणून कारखान्याला मोठी काच घेऊन नंतर कापावी लागते. कडेची जाडीही काढून पाहा : आमच्या वक्र बाजूची सॅग (मध्यापासून कडेपर्यंतचा उतार) १.५३ मिमी, म्हणजे कड २.४७ मिमी उरते, ठीक आहे. व्यास जाडीच्या दहापटीपुढे गेला की काच पॉलिशिंगनंतर चिकटवणीवरून सुटताना वाकते. तिथे इरेग्युलॅरिटी कडक मागू नका किंवा काच जाड करा. कडांना ४५ अंशांचा ०.२ ते ०.४ मिमी चॅम्फर (धारदार कडेचा तिरका काप) लिहा. तो नसेल तर कड हाताळतानाच तुटते.

काचेच्या ओळीत 'एन-बीके७ किंवा समतुल्य' लिहायला हरकत नाही, मात्र समतुल्य म्हणजे अपवर्तनांक आणि आबे अंक (काच रंग किती कमी पसरवते ते सांगणारा आकडा) कोणत्या मर्यादेत, ते सोबत द्या.

कोटिंग नसेल तर या काचेचं प्रत्येक पृष्ठ ४.२ टक्के प्रकाश परत फेकतं. मॅग्नेशियम फ्लुओराइडचा एक थर ते ठरवलेल्या तरंगलांबीला सुमारे १.३ टक्क्यांवर आणतो आणि आमच्या एकरंगी उपकरणाला तेवढं पुरे. ड्रॉइंगवर तरंगलांबीचा पट्टा, आपतन कोन आणि कमाल परावर्तन हे तिन्ही हवेत. पातळ भागांवर कोटिंगचा ताण पृष्ठ वाकवतो, म्हणून आकाराची अट कोटिंगआधीची की नंतरची, तेही स्पष्ट करा.

## दोन काचांचं भिंग असेल तर

हेच आकडे ॲक्रोमॅटिक डब्लेटवर (रंगदोष घालवण्यासाठी चिकटवलेल्या दोन काचांच्या भिंगावर) उतरवू नका. एन-बीके७ (आबे अंक ६४.२) आणि एन-एसएफ५ (३२.३) यांचं १०० मिमीचं डब्लेट घेतलं, तर रंगदोष घालवण्यासाठी पुढच्या भिंगाची शक्ती एकूण शक्तीच्या २.०१ पट आणि मागच्याची −१.०१ पट लागते. म्हणजे पुढचं भिंग एकटं ५० मिमीचं आहे. अपवर्तनांकातले तेच ०.०००५ आता फोकल लेंथ ०.१ ऐवजी ०.१९ टक्क्याने हलवतात. आणि डब्लेट विवर्तनाच्या मर्यादेजवळ पोचत असल्याने इरेग्युलॅरिटीचा एक फ्रिंजही आता खटकू लागतो, तिथे पाव फ्रिंज रास्त ठरतो. चिकटवताना दोन अक्ष जुळवण्याचा टॉलरन्स ही आणखी एक ओळ. आधी संवेदनशीलता, मग आकडा, हा क्रम इथेही तोच.

## ड्रॉइंग पाठवण्याआधी आणि माल आल्यावर

आमच्या भिंगाचं ड्रॉइंग शेवटी असं झालं :

काच एन-बीके७, अपवर्तनांक ±०.०००५, आबे अंक ±०.८ टक्के
व्यास २५ मिमी, +०/−०.०५
मध्यजाडी ४.० ±०.१ मिमी
पहिली बाजू : बहिर्वक्र, त्रिज्या ५१.६८ ±०.०५ मिमी, ३/—(१)
दुसरी बाजू : सपाट, ३/३(१), फ्रिंज ५४६ नॅनोमीटरच्या
कडेच्या जाडीतला फरक कमाल ०.०२ मिमी
दोन्ही बाजू ६०-४०, क्लिअर अपर्चर २२.५ मिमी
चॅम्फर ०.२ ते ०.४ मिमी, ४५ अंश
दोन्ही बाजूंना परावर्तनरोधी थर, ५८७.६ नॅनोमीटर, लंब आपतन, कमाल १.५ टक्के
फोकल लेंथ १०० मिमी, ५८७.६ नॅनोमीटरला, केवळ माहितीसाठी
बॅक फोकस ९७.३६ ±०.३ मिमी, ५८७.६ नॅनोमीटरला, पाच नगांवर तपासावा

हे पाठवण्याआधी कारखान्याकडून त्यांच्या टेस्ट प्लेटची यादी मागवा. ५१.६८ नसेल, पण ५१.५ किंवा ५२ च्या जवळची एखादी त्रिज्या असेल, तर डिझाइनमध्ये तीच घालून नळीची लांबी बदलणं शक्य आहे का ते पाहा. नवीन टेस्ट प्लेटची जोडी आणि नवीन घासण्याची हत्यारं यांचा खर्च लहान ऑर्डरवर फार बसतो. 'यातला कोणता आकडा तुम्हाला सर्वांत जड जातो?' हेही कारखान्याला मोकळेपणाने विचारा. चांगला कारागीर लगेच बोट ठेवतो, आणि हिशेब हाताशी असला की तो आकडा सोडता येईल का, हे तुम्ही तिथल्या तिथे सांगू शकता.

पहिली खेप आली की पास-नापासच्या शिक्क्यावर थांबू नका. मोजलेले आकडे मागा. पाच-दहा नगांची जाडी, कडेचा फरक आणि बॅक फोकस लिहून काढा आणि पायरी २ च्या हिशेबाशी ताडून पाहा. जाडी सगळी ४.०७ च्या आसपास असेल तर पुढच्या ऑर्डरआधी नळीचा खांदा ०.०५ मिमीने सरकवा. कडेचा फरक सगळीकडे ०.०१ च्या आत असेल तर तो टॉलरन्स कारखान्याला सहज जमतो आहे, म्हणून फोटोडायोडच्या जिगला तेवढी जास्त सूट द्या. हे बदल ड्रॉइंगवर नवीन आवृत्ती क्रमांक आणि तारीख घालूनच करा.